‘जरासं’ म्हणजे किती?

आमच्या कारखान्यात येणारा पाहुणा शॉपमधून, म्हणजे मशीन चालतात त्या भागातून, एक चक्कर मारून ऑफिसात चहाला बसला की त्याच्या तोंडी एक वाक्य ठरलेले असते : “साहेब, पुण्याचं काम करताय.” पूर्वी मी संकोचाने हसत असे, आता हसत नाही. भोसरीच्या एमआयडीसीत वाहनांचे लहानसहान भाग पत्र्यातून दाबून काढणारा आमचा कारखाना आहे. पस्तीस-चाळीस माणसे, सात पॉवर प्रेस, बँकेचे कर्ज आणि दर वर्षी भाव उतरवून मागणारे ग्राहक. अशा जागी पुण्य करत बसायला कोणाला सवड नसते. गेल्या काही वर्षांत आमच्याकडे कर्णबधिर ऑपरेटर आले, पोलिओमुळे एका पायाला कॅलिपर लावणारे स्टोअरकीपर आले, आणि ते टिकले याचे कारण ते आम्हाला परवडले. ते का परवडले, हे मला स्वतःला उमगायलाच बराच काळ गेला.

पहिल्या मुलाला घेतले तेही फार विचार करून घेतले असे सांगता येणार नाही. दिवाळीच्या आधीचे दिवस होते, ऑर्डरी चढलेल्या होत्या, कंत्राटदाराची चार मुले गावी गेली ती परतलीच नव्हती, आणि आयटीआय झालेला एक मुलगा आपल्या मोठ्या बहिणीबरोबर गेटवर येऊन उभा राहिला. बहिणीने खुर्चीत बसता बसताच सांगून टाकले, “सर, त्याला ऐकू येत नाही, बोलताही येत नाही. बाकी सगळं येतं.” पुढची दहा-बारा मिनिटे मी फक्त तिच्याशी बोललो. त्याला झेपेल का, तो बिचकणार तर नाही ना, कोणी चिडवले तर काय करील, असे सगळे प्रश्न मी त्याच्या देखत तिला विचारले आणि तिनेही, असल्या प्रश्नांची सवय झालेल्या माणसाप्रमाणे, उत्तरे दिली. मुलाने थोडा वेळ वाट पाहिली, मग टेबलावरचे माझे पॅड ओढून घेतले आणि लिहिले : “पगार किती? सुट्टी वार?” सुट्टी गुरुवारी, असे मी खाली लिहिले, पगाराचा आकडा लिहिला, आणि तेव्हा कुठे आमची मुलाखत सुरू झाली.

अडून बसले ते आमचे फोरमन. उभे आयुष्य प्रेसवर गेलेला माणूस. मालकापासून हेल्परपर्यंत सगळे त्यांना काका म्हणत. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले, “साहेब, ही प्रेस आहे. मागून हाक मारली आणि पोराला ऐकू नाही आलं, तर बोटं जातील त्याची. मग पोलीस स्टेशनला तुम्ही जाणार की मी?” शंका रास्त होती आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. ते मला शॉपमध्येच मिळाले. सातही प्रेस एकदम चालू असताना मागून मारलेली हाक तिथे कोणालाच ऐकू येत नाही. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी आवाजाची मर्यादा ९० डेसिबल आहे, आणि आम्ही त्या मर्यादेच्या इतके लगत वावरतो की दारातच ‘कानात प्लग घातल्याशिवाय आत जाऊ नये’ अशी पाटी आहे. म्हणजे ज्यांना ऐकू येते त्यांनी कान बंद करून काम करावे हा नियम आमचाच, आणि ज्याचे कान आधीच बंद आहेत त्याला त्याच कारणाने गेटवरून परत पाठवायचे हाही विचार आमचाच. बोटे जी काही वाचतात ती दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबाव्या लागणाऱ्या बटणांमुळे आणि हात आत गेला की मशीन थांबवणाऱ्या लाइट कर्टनमुळे. नंतर मला कळले की ड्यूपाँटसारख्या रसायनांच्या कंपनीने, जिथे अपघाताची धास्ती आमच्यापेक्षा कितीतरी मोठी, १९५० च्या दशकापासून आपल्या अपंग कामगारांच्या कामाची पुन्हा पुन्हा पाहणी केली होती, आणि सुरक्षितता, हजेरी व कामाची प्रत या तिन्ही बाबतींत ते इतरांच्या बरोबरीचे किंवा सरस असल्याचे तिला आढळले होते. काकांना मी हे सांगितले असते तरी त्यांनी ते मानले नसते. “अमेरिकेतलं अमेरिकेत,” एवढेच म्हणाले असते.

आता मुख्य गोष्ट सांगतो, आणि ती थोडी तपशिलात सांगावी लागेल. प्रेसमध्ये डाय, म्हणजे भागाला आकार देणारा साचा, बसवताना रॅम, म्हणजे वरून दाब देणारा मशीनचा भाग, किती खाली उतरवायचा, यावर सगळे अवलंबून असते. जास्त उतरला तर डाय फुटते, कमी उतरला तर भाग अर्धवट दबतो आणि कडेला बर, म्हणजे पत्र्याची खरखरीत धार, राहते, जी पुढे घासून काढावी लागते. या उंचीला आमच्याकडे शट हाइट म्हणतात आणि ती आमच्याकडे पिढीजात तोंडीच चालत आलेली होती. काका मशीनच्या या टोकाकडून ओरडत, “जरासं खाली घे,” सेटर, म्हणजे डाय बसवणारा कामगार, पान्याला हिसका देऊन हात वर करी, पहिला नग बाहेर येई, काका त्यावरून अंगठा फिरवत आणि पुन्हा ओरडत, “अजून जरासं.” हे ‘जरासं’ काकांच्या लेखी केसभर होते, दुसऱ्या सेटरच्या लेखी पाव सूत, आणि रात्रपाळीच्या लेखी त्या दिवशी मनाला येईल तितके. त्यामुळे प्रत्येक सेटिंगला पहिले पाच-सात नग भंगारात जात, आणि ते जायचेच असे आम्ही सगळे धरून चालत होतो.

नव्या मुलाला ‘जरासं’ ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. काकांनी अंगठा आणि तर्जनी जवळ आणून त्याला फट दाखवली. त्याने तशीच फट आपल्या बोटांनी करून दाखवली, मग थोडी मोठी, मग थोडी लहान, आणि भुवया उंचावल्या : यातली नक्की कोणती? काका वैतागले. त्यांनी पुन्हा दाखवली. त्याने ड्रॉवरमधून बारीक माप घेण्याचा व्हर्नियर काढला आणि त्यांच्यापुढे धरला. मी काचेच्या पलीकडून हे पाहत होतो. त्या वेळी मला काकांची कीव आली होती हे आज कबूल करायला हरकत नाही, कारण माणसाला त्याच्या हयातभराच्या अंदाजाचा आकडा विचारणे हे जवळजवळ त्याचे वय विचारण्यासारखे आहे. दोन दिवस काकांनी धुसफुस केली, तिसऱ्या दिवशी गेज लावून उंची मोजली आणि जॉब कार्डाच्या कोपऱ्यात लिहिली. मुलाने ती आपल्या वहीत उतरवून घेतली. महिन्याभरात त्याच्या वहीत बावीस डायांचे आकडे जमले. मग कोणीतरी तेच आकडे रंगाने थेट डायांवर लिहून काढले. आणि मग एके दिवशी रात्रपाळीच्या सुपरवायझरने मला सांगितले की हल्ली पहिला नगच बहुधा बरोबर येतो.

याच्या दोन-तीन वर्षे आधी आम्ही एका सल्लागाराला बऱ्यापैकी पैसे मोजून बोलावले होते. त्यांनी ‘सर्व सेटिंग लेखी ठेवा’ असे छापील अहवालात सांगितले होते आणि तो अहवाल आम्ही पुढच्या ऑडिटला दाखवण्यासाठी जपून ठेवला होता. जे अहवालाने झाले नाही ते एका मुलाच्या भुवया उंचावण्याने झाले, याचे कारण मला असे वाटते की अहवालाला टाळता येते आणि समोर उभ्या असलेल्या माणसाला टाळता येत नाही. ऐकू येणाऱ्या नव्या मुलालाही ‘जरासं’ कळत नसेच, पण तो मान हलवून मोकळा होई आणि आपली चूक नगांच्या ढिगात लपवी. याला तशी मान हलवण्याची सोय नव्हती.

एकदा डोळे उघडल्यावर असल्या पुष्कळ गोष्टी दिसू लागल्या. आगीची घंटा हे त्यातले एक प्रकरण. त्या मुलासाठी म्हणून आम्ही घंटेच्या जोडीला फिरता लाल दिवा बसवला. खर्च म्हणावा तर ग्राहकाच्या एका जेवणाएवढा. पुढच्या मॉक ड्रिलला मागच्या रांगेतली माणसे पहिल्यांदाच वेळेत बाहेर आली. तेव्हा त्यांनी सांगितले की कानात प्लग असताना घंटा त्यांनाही कधी ऐकू येत नव्हती, इतकी वर्षे ती पुढच्यांना पळताना पाहून पळत होती. म्हणजे इतकी वर्षे आमच्याकडे आगीची सूचना पोचवण्याची व्यवस्था नव्हती आणि आम्ही दर वर्षी ती तपासल्याची सही करत होतो.

मग हातांची भाषा आली. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०१८ मध्ये ३,००० शब्दांचा कोश काढला आहे, पण आमच्या शॉपमधली भाषा कोशातून आली नाही, ती चहाच्या सुट्टीत वाढली. बर म्हणजे तर्जनीच्या कडेवरून अंगठा ओढायचा, तेल संपले म्हणजे चिमटीने थेंब टाकून तळहात उलटा करायचा. आम्हा सगळ्यांना नावेही मिळाली. काकांचे नाव मिशीला पीळ, सुपरवायझरचे नाव खिशातला मोबाइल, आणि माझे नाव, हे मला फार उशिरा कळले, टकलावरून मागे फिरवलेला हात. सहा महिन्यांत ऐकू येणारी माणसेही शॉपच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत प्लग न काढता बोलू लागली. पूर्वी एक निरोप द्यायला मशीन बंद करून चालत जावे लागे.

अमेरिकेत वॉलग्रीन्स या औषध-दुकानांच्या कंपनीने २००७ मध्ये दक्षिण कॅरोलायनातल्या अँडरसन येथे माल वितरणाचे केंद्र काढले आणि तिथे मोठ्या संख्येने अपंग कामगार घ्यायचे ठरवले. त्यांच्यातल्या काहींना वाचणे अवघड जाई, म्हणून कामाच्या जागांना आकड्यांऐवजी चित्रे दिली आणि पडदे सोपे केले. तिथे सर्वांना पगार सारखा होता आणि कामाची अपेक्षाही सारखीच होती. ज्यांना वाचता येत होते त्यांचेही काम त्यामुळे सोपे झाले. मी ही हकीकत वाचली तेव्हा मला आमच्या डायांवर रंगवलेले आकडे आठवले. आपल्याकडे मुंबईत ध्रुव लाक्रा यांनी मिरॅकल कुरियर्स ही सेवा कर्णबधिर मुलामुलींना घेऊन उभी केली, त्यामागचा विचारही साधा होता : पाकीट वेळेवर आणि बरोबर पत्त्यावर पोचवायला बोलावे लागतेच असे नाही, आणि निरोपांसाठी मोबाइलवरचा लेखी संदेश पुरतो. महाबळेश्वरला भावेश भाटिया या स्वतः दृष्टिहीन असलेल्या उद्योजकाने १९९४ मध्ये सुरू केलेल्या सनराइज कँडल्समध्ये मेणबत्त्या अंध कामगार घडवतात. या प्रत्येक ठिकाणी कोणीतरी आधी कामच बारकाईने पाहिले आहे : यात खरोखर काय लागते आणि आपण सवयीने काय लागते असे धरून चाललो आहोत. हा प्रश्न कामाला विचारला गेला की मालकाचा फायदा सुरू होतो, असे माझे मत झाले आहे. अपंग माणूस तो प्रश्न विचारायला भाग पाडतो.

पण फायद्याबद्दल बोलताना उद्योजकांच्या बैठकांत सर्वांत आधी जी गोष्ट सांगितली जाते, ती दुसरीच असते. “ही माणसं सोडून जात नाहीत,” असे म्हणतात. मीही म्हणत असे. ज्या धंद्यात शिकवलेला मुलगा सहा महिन्यांत पाचशे रुपये जास्त मिळाले म्हणून शेजारच्या गल्लीत जातो, तिथे हे वाक्य कानाला फार गोड लागते. मग आमच्या त्या पहिल्या मुलाने चौथ्या वर्षी माझ्यापुढे कागद ठेवला : “चाकण मोठी कंपनी. कँटीन बस. पगार जास्त. मी जातो.” मला राग आला. आपण याला घेतले, याच्यासाठी दिवा बसवला, आणि हा असा जातो, असे सगळे माझ्या मनात येऊन गेले, आणि त्यातले ‘याच्यासाठी’ हे शब्द मला त्याच रात्री खटकले, कारण दिव्याचा उपयोग शॉपमधल्या प्रत्येकाला होत होता. इतर कोणी गेला असता तर मी चरफडलो असतो, पण कृतघ्न म्हटले नसते. ही माणसे सोडून जात नाहीत याचे मोठे कारण हे की बाकीची दारे त्यांना बंद आहेत. २०११ च्या जनगणनेत देशात अपंग व्यक्तींची संख्या २.६८ कोटी भरली आणि त्यांच्यातले कोणते ना कोणते काम करणारे होते सुमारे ३६ टक्के. उरलेल्यांतल्या लहान मुलांना आणि वृद्धांना वगळले तरी गेटवरून परत गेलेल्यांची गर्दी मोठीच राहते. त्या गर्दीच्या भीतीवर उभी असलेली निष्ठा हा आपला नफा म्हणून सांगणे मला आता जमत नाही. शिवाय हिशेबानेही तो नफा कच्चा आहे. चार दारे उघडली की तो जाणार, आणि जावाच.

त्या मुलाने जाण्यापूर्वी एक केले. आपल्या शाळेतल्या मित्राला आणून उभा केला आणि वही त्याच्या हातात दिली. काकांनी या खेपेस काहीही आक्षेप घेतला नाही.

सरकारी सवलतींबद्दल लोक विचारतात, तर तेही थोडक्यात सांगतो. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले, सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा राखल्या गेल्या आणि खासगी उद्योगांनी निदान पाच टक्के अपंग माणसे घ्यावीत यासाठी प्रोत्साहन देण्याची तरतूद झाली. त्याच्याही आधी, २००८ पासून, महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या अपंग कामगाराच्या भविष्यनिर्वाह निधीतला मालकाचा वाटा पहिली तीन वर्षे सरकारने भरण्याची योजना निघाली होती. आम्ही तिचा फायदा कधी घेतला नाही. आमच्या अकाउंटंटने अर्जाचे कागद पाहिले आणि फाइल बंद केली. खासगी आस्थापनेनेही समान संधीचे धोरण जाहीर करावे असाही नियम आहे. आमच्या सूचनाफलकावरचे धोरण दुसऱ्या कोणाचे तरी उतरवून घेतलेले आहे आणि त्यात तळमजल्यावर असलेल्या आमच्या कारखान्याला लिफ्टचे आश्वासन दिलेले आहे. शब्दांचेही असेच. फलकावर आम्ही ‘दिव्यांग’ लिहितो, शॉपमध्ये तो शब्द कोणी वापरत नाही. स्टोअरकीपर स्वतःला सरळ अपंग म्हणवतात आणि दिव्य काय ते तुम्हीच शोधा, असे हसून सांगतात.

त्यांची गोष्ट छोटी आहे. त्यांना शिडी चढता येत नाही म्हणून वरच्या फळ्यांवरचे बोल्ट, बुश आणि स्प्रिंगचे डबे कमरेच्या उंचीवर आणले, आणि वर काय ठेवायचे हा प्रश्न आला तेव्हा कळले की वरच्या फळ्यांवरचा निम्मा माल बनणे बंद झालेल्या गाड्यांचा होता. तो विकला. त्या वर्षीच्या बोनसचा काही भाग त्या भंगारातून निघाला.

काकांच्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी आमच्याकडे सगळ्यांची कानांची तपासणी झाली. आवाजामुळे येणारे बहिरेपण कायद्याच्या यादीत व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेले आहे, आणि ही तपासणी दर वर्षी व्हायला हवी होती. आम्ही ती बरीच वर्षे टाळली होती, हे माझे माप माझ्याच पदरात घालतो. तपासणी करणारी मुलगी काकांचा आलेख घेऊन आली. उंच स्वरांच्या बाजूला रेघ खोल खड्ड्यात उतरलेली होती. तिने मला विचारले, “हे बोलणं कसं समजून घेतात?” मी विचार करू लागलो आणि एकेक गोष्ट ध्यानात येत गेली. काका माणसाच्या तोंडाकडे रोखून पाहत, आम्हाला वाटे ते जरब बसवण्यासाठी. फोन आला की तो शेजारच्याला देत, आम्हाला वाटे चष्मा नाही. आणि ते इतके ओरडत ते शॉपमध्ये आवाज असतो म्हणून, अशी आम्हा सर्वांची खात्री होती. ‘जरासं’ला सेटरने काय उत्तर दिले हे त्यांना बहुधा कित्येक वर्षे ऐकूच आलेले नव्हते. मागून हाक मारली तर ऐकू येणार नाही म्हणून ज्याला ते घेऊ देत नव्हते, त्याच्याइतकाच धोका त्यांना स्वतःला होता, आणि तो त्यांना आम्ही, म्हणजे आमच्या प्रेसनी, पगाराबरोबर थोडा थोडा करून दिलेला होता.

आलेख मी त्यांना दाखवला तेव्हा ते गप्प बसले. मग म्हणाले, “घरी सांगू नका. टीव्हीवरून आधीच बोलणी खातोय.”

आता ते निवृत्त आहेत. श्रवणयंत्र घेतले आहे, ते बहुतेक वेळा शर्टाच्या खिशात असते. महिन्या-दोन महिन्यांनी मोशीहून स्कूटरवर येतात, माझ्याकडे चहा घेतात आणि मग जेवणाच्या सुट्टीत गेटजवळच्या कडुनिंबाखाली त्या दुसऱ्या मुलाशी बसून हातांनी गप्पा मारतात. परवा वॉचमनने त्यांना विचारले, “काका, एवढा वेळ काय बोलता हो त्याच्याशी?” काकांना प्रश्न ऐकू आला नाही, मुलाने वॉचमनकडे बोट दाखवून तो हातांनी सांगितला. तेव्हा काका वळून म्हणाले, नेहमीसारखेच जरा जास्त मोठ्याने, “विचारत होतो, नवीन डायांवर आकडे रंगवले का म्हणून. तीन राहिल्यात म्हणतोय.”